फाटलेला आठवा नियम

शनिवार, २४ सप्टेंबर १९९४

ही डायरी ९१ सालची आहे. वखारीच्या रद्दीत पडली होती, कोरीच. वार जुळत नाहीत, म्हणून छापलेला वार खोडून माझा लिहिणार. नववी नापास माणसाला एवढं जमतं.

आधी कालचं लिहितो, नाहीतर डोक्यात कुजत राहील. सुरतेहून गाडीत उभ्याने आलो. तिथे प्लेग आलाय, कापडाचे लूम बंद, खोली बंद, जो तो पळत होता. संडासाच्या दारात आम्ही चौदा जण, सगळ्यांच्या तोंडाला रुमाल. एक बाई खोकली. तिच्याभोवती एवढ्या गर्दीतही हातभर जागा झाली. तिने पदर तोंडात दाबला तो नंदुरबारपर्यंत काढला नाही. मी तिच्याकडे बघत होतो आणि मलाही घशात खवखवत होतं. मी गिळत राहिलो.

नरडाण्याला उतरून धुळ्याला अक्काकडे गेलो. अक्का म्हणजे ताईबाई, माझी थोरली बहीण, आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. मी गल्लीच्या तोंडाशी दिसताच ती ओट्यावर आली. "झुलाल, तठेच उभा ऱ्हाय." मी उभा राहिलो. "पोरे शेत मना घरमा, भाऊ. बठ्ठी गल्ली देखी ऱ्हायनी." घरात पोरं आणि सगळी गल्ली बघणारी, म्हणून तिने फडक्यात भाकरी बांधून दगडावर ठेवली आणि मागे सरली. ती रडत होती हे खरं. पण मी भाकरी घेऊन वळलो तेव्हा मागे खिडकी लागल्याचा आवाज आला, तेही खरं.

एस.टी.ने जळगावला आलो. केळीच्या वखारीत माणूस पाहिजे असं चहावाल्याने सांगितलं. मालक शालिग्रामशेठ, फैजपूरचे. म्हणाले, "कुठून आला?"

"गाव धुळ्याकडलं. काम नाशिकला करायचो, द्राक्षाच्या बागेत."

"द्राक्षाचा माणूस केळीत काय करणार?"

"फळच आहे ना, भाऊ."

ते हसले. तेवढ्यावर लागलो. सुरतेचं नाव काढलं नाही. काढणारही नाही.

सोमवार, २६ सप्टेंबर

वखार म्हणजे मालधक्क्यामागची लांब पत्र्याची जागा. मधोमध बंद खोली. त्यात हिरवे घड रचायचे, कोपऱ्यात गोवऱ्यांची धुरी ठेवायची, दार लावून फटी चिखलाने लिंपायच्या. दोनेक दिवसांनी दार उघडलं की आत सगळं पिवळं. खोलीवर फळ्यांचा माळा. तिथे एकाने झोपायचं आणि फळीच्या फटीतून खाली निखारा बघत राहायचं. पाला पेटला तर वखार गेली. तो एक म्हणजे मी. शनिवार दुपार ते सोमवार सकाळ मला सुट्टी, तेव्हा उखर्डू आबा वर झोपतात.

माळ्याला हातभर खिडकी आहे, गज नाहीत. तिच्यातून पाय बाहेर सोडून बसलं की भुसावळकडे जाणाऱ्या गाड्या दिसतात. मला आवडली. कुठल्याही गाडीत बसावंसं वाटतं मला, म्हणून तर आजपर्यंत कुठे टिकलो नाही.

आबा साठीचे. हमालीने एक खांदा खाली आलेला. आज जेवताना म्हणाले, "तुमी धुळ्याकडचे शे-शे करत जेवता कसे रे? भाकरी शे, पानी शे."

"तुम्ही मले-तुले करत जेवता तसेच."

"जबान लय चालते तुही. हात बी चालव."

घडांखाली घालायला जुने पेपर येतात. मी ते अंथरायचे सोडून वाचत बसतो. आज एका रविवारच्या पुरवणीचं पान सापडलं. वर मथळा: शहरातला शनिवार-रविवार निरोगी कसा घालवाल? खाली आठ नियम. पहाटे मोकळ्या हवेत दोन मैल चाला. पोहा किंवा सायकल चालवा. बाहेरचं तळलेलं खाऊ नका. बंद सिनेमागृहात बसण्यापेक्षा तलावाकाठी किंवा बागेत बसा. वेळेवर झोपा. मित्रांबरोबर साधं, ताजं जेवण करा. नातेवाइकांकडे जा, मन मोकळं करा. आठवा अर्धाच आहे: "झोपण्याच्या खोलीची खिडकी" आणि तिथे कागद फाटलाय.

पान डायरीला चिकटवलं. एरवी अशा कागदात मी भजी बांधून घेतली असती. पण मला काही होत असेल तर हे नियम पाळावे लागतील.

बुधवार, २८ सप्टेंबर

आज बसस्टँडवर एक माणूस उतरला, त्याच्या पिशवीवर सुरतेच्या साडीच्या दुकानाचं नाव. कोणी हात लावला नाही. सगळे नुसते सरकले. त्याच्याभोवती मोकळं मैदान झालं आणि तो मध्ये उभा, पिशवी पोटाशी धरून. पोलीस लांबूनच म्हणाला, "चल, सरकारी दवाखान्यात चल," आणि काठीच्या टोकाने रस्ता दाखवला. मी तिथून पळालो. माझी पिशवीही सुरतेच्या नावाची, ती उलटी करून शिवून घेतली. सुई टोचली बोटाला, रक्त बराच वेळ बघत बसलो, रंग बरोबर आहे का म्हणून.

आणि त्याच संध्याकाळी माळ्यावर माझ्या पायावरून उंदीर गेला.

उंदरावरून पिसू, पिसूवरून माणूस. रेडिओ तेच सांगतो. मी कंदील घेऊन एकेक भोक शोधलं. फळ्यांखालची, पत्र्याजवळची, मोरीची, एकूण अकरा. गोणपाट कोंबलं, वरून चिखल लिंपला. शेवटी खिडकी राहिली. दोन गोण्या भरून घट्ट बसवल्या, कडांना चिखल. आठव्या नियमात पुढे काय असणार? बंद ठेवा. त्याला डॉक्टर कशाला पाहिजे, सगळं जळगाव तेच सांगतंय.

शेठ तेवढ्यात बघायला आले, मी सांगितलं की भोकं बुजवतोय. खूश झाले. म्हणाले, "उंदीर केळीही कुरतडतात. चांगलं डोकं लावलं." त्यांनी आजपासून गोवऱ्या बंद केल्या. धुराचा वास केळीला लागतो, नवरात्रात उपासाची गिऱ्हाइकं नाक मुरडतात. आता दोन शेगड्या लाकडी कोळसा. निखारे लाल धरले की खोलीत ठेवायचे. धूर नाही, काजळी नाही. मोठी स्वच्छ पद्धत आहे.

शुक्रवार, ३० सप्टेंबर

मला झालाय.

काल सकाळी उठलो तर डोकं ठणकत होतं, कानशिलावर कोणी मुठी दाबतंय असं. शिडी उतरताना गुडघे वळले. ओकलो. काखा चाचपल्या, जांघा चाचपल्या. गाठ नाही. आज पुन्हा चाचपल्या. डावीकडे काहीतरी लागतं, पण ते पूर्वीपासून होतं की नाही आठवत नाही. आपलं अंग आपण कधी नीट हात लावून बघतच नाही.

सुरतेच्या स्टेशनावर कोणीतरी प्लेगवरच्या कॅप्सूल वाटल्या होत्या. आठ होत्या. दोन गिळल्या. आबांनी विचारलं, "तोंड काहून पांढरं रे?" म्हटलं, पित्त. त्यांच्या तांब्यातून पाणी प्यायचं सोडलं. त्यांना वाटतं मला गर्व आलाय.

सांगितलं तर मला नेतील. नाही सांगितलं तर आबांना होईल. हे दोनच विचार आहेत आणि मी त्यांच्यामध्ये फिरतोय.

रविवार, २ ऑक्टोबर

नियम पाळायला सुरुवात. काल रात्री मंदाबाईच्या ओट्यावर झोपलो. मंदाबाई म्हणजे वखारीच्या कोपऱ्यावर गाडीवर इस्त्री करणारी बाई. पन्नाशीची, तोंड इस्त्रीपेक्षा गरम, पण पोतं अंथरायला दिलं.

पहाटे मेहरुण तलावाकडे निघालो. दोन मैल सरळ चालायचे होते. सुभाष चौकात एक अँबेसिडर बंद पडलेली, ती ढकलली. पुढे पोपटवाला भेटला, त्याचा पोपट चिठ्ठी काढतो. माझं काय निघेल या भीतीने काढली नाही, पण दुसऱ्यांची बघत अर्धा तास गेला. तलावावर पोचेपर्यंत ऊन आलं. काठावर पाच-सहा पेन्शनर हात वर करून मोठमोठ्याने हसत होते. व्यायाम आहे म्हणे. मीही मागे उभा राहून हसलो. एकाने विचारलं, "नवीन का?" माझं हसू तिथेच थांबलं. कुठून आलात हा पुढचा प्रश्न असतो.

पाण्यात उतरलो. आमच्या पांझरेत पोहत वाढलो मी, पाण्यात गेलं की डोकं आपोआप रिकामं होतं. मग तासाच्या भाड्याने सायकल घेऊन सगळं शहर हिंडलो. गांधी जयंतीची प्रभातफेरी, बाजारात सीताफळांचे ढीग, झेंडूची रोपं, बँडवाल्यांची तालीम. शहर कसं सणाला लागलेलं. चार भजी खाल्ली, तिसरा नियम मोडला. आणि दुपारी लक्षात आलं की डोकं दुखत नाहीये. अजिबात नाही. कालपासूनच उतरत होतं.

म्हणजे नियम लागू पडतात. मोकळ्या हवेत रोग मरतो.

संध्याकाळी मंदाबाईची इस्त्री बघत बसलो. म्हटलं, "भर उन्हात कशाला उभ्या राहता? घरात करा की."

"घरात? कोळशाची इस्त्री? डोकं धरतं, बापा. माझी जाऊ पावसाळ्यात दार लावून करत होती. कपड्यांच्या ढिगावरच आडवी झाली. माणसांना वाटलं झोपली."

"मग?"

"मग काय, ओढून अंगणात टाकली. तेव्हापासून मी रस्त्यावरच. तू ते शर्टाचं बटण ओढू नको, तुटेल."

बायकांना डोकं धरायला काहीही पुरतं.

सोमवार, ३ ऑक्टोबर

आबा शिडीच्या पायरीवर डोकं धरून बसले होते. पहाटे ओकले म्हणाले. दोन रात्री माझ्या अंथरुणात झोपले ना ते.

मी त्यांना दोन कॅप्सूल दिल्या. म्हटलं, पित्ताच्या आहेत. त्यांनी माझा हात धरून गिळल्या. "तुहं काळीज चांगलं शे," असं मुद्दाम माझ्या बोलीत म्हणाले आणि हसले. मला हात सोडवून घ्यावासा वाटत होता, माझ्यासाठी नाही, त्यांना आणखी लागू नये म्हणून.

गुरुवार, ६ ऑक्टोबर

घट बसले. केळीला श्वास घ्यायला फुरसत नाही. शेठने तिसरी शेगडी वाढवली.

माळ्यावर कोपऱ्यात दोन उंदीर मेलेले सापडले. ताजे. अंगावर जखम नाही, विष ठेवलेलं नाही. भोकं बुजवल्यामुळे आतच अडकलेले असणार. आधी उंदीर मरतात, मग माणसं. सुरतेत हेच म्हणत होते.

चिमट्याने उचलून रुळापलीकडे पुरले. वर दगड ठेवला. हात राखेने तीनदा धुतले. कोणाला बोललो नाही. चिखल कुठे सुटलाय का बघितला. एका फळीशी फट होती, तीही बुजवली.

शुक्रवार, ७ ऑक्टोबर

सोमवार ते शुक्रवार रोग वाढतो. शनिवारी उतरतो. असा कुठला रोग असतो? आज दुपारपर्यंत उठवेना. स्वप्नात गाडीतली ती बाई, पदर काढून म्हणाली, आता तू. आणखी दोन कॅप्सूल गिळल्या, आता दोनच उरल्यात. उद्या शनिवार आहे, एवढंच धरून बसलोय.

शनिवार, ८ ऑक्टोबर

सहावा नियम, मित्रांबरोबर साधं, ताजं जेवण. मंदाबाईच्या भावाचं शेत मेहरुणपलीकडे आहे. यंदाची पहिली भरताची वांगी आली, आबांनाही घेऊन गेलो. कपाशीच्या जुन्या पऱ्हाट्या पेटवून त्यात हिरवीगार मोठी वांगी टाकली. साल काळी झाली की सोलायची, बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत, मिरच्या-लसणाबरोबर ठेचायची. मंदाबाई ठेचत होती, आबा देखरेख करत होते.

"बाई, हात हलका. भरीत आहे, दुश्मन नाही."

"तुम्ही या मग ठेचायला. एक खांदा शिल्लक आहे ना?"

"तो मी जेवायला राखून ठेवला आहे."

ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, पातीचा कांदा. आबांनी चार भाकरी खाल्ल्या. मी लांब बसून केळीच्या पानावर वेगळं घेतलं. मंदाबाई म्हणाली, "हा काय सोवळ्यात आहे काय?" मी म्हटलं, पित्त. पित्त हा शब्द आता लाज वाटेल इतका वापरलाय मी.

परत येताना आबा बांधावर बसले. हा आठवडा त्यांचा बरा गेला होता, घरी झोपत होते. म्हणाले, "वर झोपलं का मले रातभर कानात गाडी चालल्यासारखं होते. म्हातारपण, दुसरं काय."

तेव्हा सांगायचं होतं. जीभ इथपर्यंत आली होती. आबा, तुम्ही वर जाऊ नका, ते अंथरूण माझं आहे आणि मी सुरतेहून आलोय. पण समोरून वारा येत होता, पोट भरलेलं होतं, आबा दातात काडी घालून तलावाकडे बघत होते. उद्या सांगू म्हटलं. उरलेल्या दोन कॅप्सूल त्यांच्या खिशात टाकल्या.

वखारीपाशी ते शिडी चढून गेले. वरून म्हणाले, "सकाळी चहा आण, भो." मी हो म्हटलं.

रविवार, ९ ऑक्टोबर

दवाखान्यातून लिहितोय.

पहाटे चालायला निघालो. टॉवरपर्यंत गेलो आणि पाय पुढे जाईनात. चहा घेऊन परत फिरलो. खालून हाका मारल्या. आबा. आबा. उत्तर नाही. शिडी चढलो. आबा पालथे पडले होते, तोंडातून ओकारी. गाल गुलाबी, लहान पोरासारखे. मला वाटलं ताप आहे. हलवलं तर मान सैल. श्वास होता, पण मध्ये इतकं अंतर पडत होतं की मी मोजताना माझाच धरून ठेवत होतो.

खाली उतरून ओरडलो. धक्क्यावर सात-आठ हमाल होते, शेठही तेवढ्यात आले. सगळे धावत आले. दोघं तर शिडीला लागलेच होते. आणि मी म्हणालो, "हात लावण्याआधी ऐका. मी सुरतेहून आलोय. आबांना माझ्याकडून झालंय. वर उंदीरही मेलेत."

मला वाटलं होतं, सांगितल्यावर कोणीतरी औषध आणेल, डॉक्टर बोलावेल. खरं सांगितलं की काहीतरी चांगलं होतं असं कुठेतरी डोक्यात होतं. शिडीवरचे दोघं उड्या मारून उतरले. क्षणात अंगण रिकामं. शेठ फाटकाबाहेरून म्हणाले, "अरे, तू आधी का... दार लाव, दार लाव तिथलं." बसस्टँडवरच्या त्या माणसाभोवती होतं तसं मैदान, आणि मध्ये मी.

मग मी एकटाच चढलो. आबांना काखेत धरून ओढलं. ते दिसतात त्यापेक्षा जड आहेत. माझंही डोकं गरगरायला लागलं, शिडीच्या तोंडाशी मीच बसकण मारली. वाटलं, इथेच दोघं. मग काय सुचलं कोण जाणे, त्यांना पाठीशी घेतलं, त्यांचे हात माझ्या गळ्यात अडकवले, घड उतरवतात तसं, आणि पायरी-पायरीने उतरलो. तीन पायऱ्या शेवटच्या आम्ही पडूनच आलो. ओढत रस्त्यावर आणलं, कडुनिंबाखाली. पहिला नियम, मोकळी हवा. दुसरं काही मला येतच नव्हतं.

मंदाबाई आली. एकटीच आली. मी ओरडलो, "लांब राहा, प्लेग आहे." ती म्हणाली, "तोंड बंद कर आणि पदराने वारा घाल. पदर नसेल तर शर्ट काढ." तिने आबांचा चेहरा उजेडाकडे वळवला, बघितला आणि मला विचारलं, "वर काय पेटतं तुमच्याकडे?"

"काही नाही. कोळसा. खाली."

तिने माझ्याकडे बघितलं. मग स्वतःच पदराने वारा घालायला लागली.

बऱ्याच वेळाने आबांनी डोळे उघडले. हातगाडीवर घालून आम्ही दोघांनी दवाखान्यात नेलं.

मंगळवार, ११ ऑक्टोबर

दोन दिवस मलाही वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला. काही नाही. प्लेग मला नाही, आबांना नाही, कधी नव्हताच. डॉक्टरने उभ्या-उभ्या विचारलं, खोलीला वारा होता का? म्हटलं, नाही साहेब, सगळं घट्ट बुजवलंय. मी ते अजूनही जरा अभिमानानेच सांगितलं. डॉक्टर म्हणाले, बंद जागेत कोळशाचा वायू साचतो, त्याला वास नसतो, रंग नसतो. माणूस झोपेतच जातो. उंदीर तर आधीच.

मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. अकरा भोकं आणि एक खिडकी. नंतर ती फळीची फटसुद्धा. मी रोगाला बाहेर ठेवत होतो.

आबांना भेटलो. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. तसेच पडून म्हणाले, "कोळशाचं जाऊ दे. ते कोनालेच ठाऊक नव्हतं. पन तुले वाटत होतं ना, का तुले प्लेग आहे?"

"हो आबा."

"आन् तरी मले वर जाऊ दिलं."

याच्यावर पित्त म्हणता येत नाही. मी उभा राहिलो. ते म्हणाले, "जाय आता." गेलो.

वखारीत आलो. माळ्यावर चढून सगळा चिखल फोडला, गोण्या उपसल्या. खिडकी मोकळी केली तेव्हा इतका वारा आला की कंदील विझला. शेठ खालून ओरडले, "अरे, दसऱ्याचा माल आहे, ऊब जाईल सगळी." मी म्हटलं, "मग तुम्ही वर झोपा, भाऊ." काम बहुतेक गेलं. शेगड्या मात्र त्यांनी स्वतः अंगणात काढल्या.

थोडा वेळ खिडकीत पाय सोडून बसलो. फळीखालून एक उंदीर आला, जिवंत, मिशा हलवत. अंगावर काटा आलाच. पण मी हललो नाही.

रविवार, १६ ऑक्टोबर

सातवा नियम. नातेवाइकांकडे जा, मन मोकळं करा. हा मी दर आठवड्याला गाळत होतो.

दसरा परवा झाला. खिशात आपट्याची पानं घेऊन सकाळच्या गाडीने धुळ्याला निघालो. दोन पानं काल आबांच्या उशाशी ठेवली होती. त्यांनी उचलली नाहीत, टाकलीही नाहीत. पारोळ्यापर्यंत तेच डोक्यात. पारोळ्याला उतरून दुसऱ्याच गाडीत बसायचा मोह झाला, चाळीसगावची उभी होती. बसलो नाही.

गल्लीत शिरताना घसा खवखवायला लागला. शहाण्या डॉक्टरने काही नाही म्हटलंय तरी. ओट्यापाशी थांबलो, नेमका तिथेच. अक्काने दार किलकिलं केलं. डोक्याला फडकं घट्ट बांधलेलं.

"अक्का, मी बरा आहे. तपासलंय मला. कागद आहे दवाखान्याचा."

"तू तठे उभा व्हता ना, त्या दिनपाईन घर बंद करी ठेवेल शे," ती म्हणाली. "तरी आठ दिनपाईन डोकं दुखी ऱ्हायनं. धाकलीनं बी. कोनले सांगू? गल्लीमा कळनं तर?"

तिच्या खांद्यावरून मला आत दिसलं. रस्त्याकडच्या खिडकीत चादर कोंबलेली. मागच्या खिडकीला पुठ्ठा. दाराच्या खाली पोतं. आणि मध्ये, तिच्या धाकट्या पोरीच्या अंथरुणाजवळ, शेगडीवर तांदूळ शिजत होते. धूर नव्हता. लाल, स्वच्छ निखारे.

तिने तीन आठवडे मला बाहेर ठेवलं होतं.

मी तिला बाजूला सारलं. आत घुसलो. ती "झुलाल, झुलाल" म्हणत मागे आली. आधी धाकटीला उचलून ओट्यावर ठेवलं. ती किरकिरली, ते ऐकून बरं वाटलं. मग भातासकट शेगडी अंगणात. हात पोळला. मग खिडकी. चादर इतकी दाबून बसवली होती की पाय भिंतीला लावून ओढावी लागली. मला ओळखीचं काम होतं ते. सगळी गल्ली ओट्यांवर येऊन बघत होती.

"अरे, उंदीर येतीन ना घरमा," अक्का म्हणाली.

"येऊ दे."

ती खिडकीसमोर उभी राहिली. डोक्यावरचं फडकं वाऱ्याने हललं. मी तेवढ्यात खिशातली पानं काढली, एस.टी.त चुरगळली होती. हात पुढे केला आणि भीती वाटली, की ती म्हणेल तिथे ठेव.

तिने माझ्या हातावर हात ठेवूनच सोनं घेतलं. मग पोळलेलं बोट बघितलं आणि म्हणाली, "मोरीवर चाल, पानी टाकू."

परतीच्या एस.टी.त बसून लिहितोय. पेन हलतंय. आठव्या नियमापुढे फाटलेल्या जागी मी दोन शब्द लिहिले, उघडी ठेवा. माझ्या बाजूची काच अडकलेली आहे, उघडत नाही. पुढच्या माणसाला वारा लागतो म्हणून तो त्याची लावतोय. त्याला काय सांगू आणि कुठून सुरुवात करू, याचा विचार करतोय.